सहा टक्के आणि आपले जुने भांडण

लंडन,
९ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझी दोन पत्रे आणि मोहनकडून आलेला रागाचा निरोप, यांपैकी कशालाही उत्तर न देता मी आठ महिने गप्प राहिलो, याची मला मनापासून लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. साखर आटोक्यात, गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. मे महिन्यापासून मुलीकडे इथे आहे. आज मात्र केवळ क्षमा मागायला बसलेलो नाही. गेल्या मंगळवारी जे घडले ते घरात सांगून कोणाला कळले नसते, आणि ज्याला कळले असते त्याच्याशी मी आठ महिने बोललो नव्हतो.

इथल्या विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये जुन्या अर्थशास्त्रीय ग्रंथांचा गोल्डस्मिथ संग्रह आहे. तिथे मी लंडनचा व्यापारी जोसाया चाइल्ड याची १६६८ सालची व्यापार आणि व्याज यांवरची पुस्तिका मागवली. ती पातळशी आहे आणि तिच्याच पोटात थॉमस कल्पेपरचे १६२१ सालचे सावकारीविरुद्धचे पत्रक पुन्हा छापलेले आहे. दुपारपर्यंत मी दोन्ही वाचून संपवली आणि मग बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या पाठ्यपुस्तकातली 'व्यापारवादी लेखक सोन्याचांदीलाच संपत्ती समजत' ही ओळ तुला आठवत असेलच; व्यापारवादी म्हणजे चाइल्ड आणि कल्पेपर यांच्यासारखे, व्यापाराने राष्ट्र श्रीमंत कसे होईल यावर लिहिणारे त्या काळचे लोक. त्या मुद्रितावर, त्या ओळीशेजारी, तू लाल शाईने 'वाचलेस का?' एवढेच लिहिले होतेस. मी तुला सांगितले की फॉर्म मशीनवर चढला आहे, आता बदल होणार नाही, आणि वर असेही म्हणालो की तुला दुसऱ्याच्या पुस्तकात खोट काढण्याची खोड आहे. त्या दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आपण बोललो नाही. सुधाकर, मी वाचले नव्हते. इतरांनी त्यांच्याविषयी जे लिहिले होते ते वाचले होते. ती ओळ पाठ करून कितीतरी मुले पास झाली आणि त्यांतली काही आज स्वतः तेच शिकवीत आहेत.

ही माणसे खरोखर कशाची काळजी करीत होती, ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कल्पेपर हा केंट परगण्यातला जमीनदार. त्याच्या काळी इंग्लंडात कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा दहा टक्के होती. ती आठव्या हेन्रीने १५४५ साली घातली, मधे रद्द झाली आणि १५७१ मध्ये परत आली. कल्पेपर म्हणतो की आपल्याकडचा व्यापारी चार पैसे गाठीला बांधले की व्यापार सोडतो आणि पैसा व्याजी लावून घरी बसतो, कारण ती मिळकत सोपी, खात्रीची आणि घसघशीत असते. जिथे व्याज कमी आणि जमीन महाग आहे, तिथे मात्र लोक पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातच राहतात. जमिनीचा हिशेब तर तू एका ओळीत केला असतास. व्याज दहा टक्के असेल तर शंभर पौंड खंड देणाऱ्या जमिनीला हजारच्या वर कोण देईल? सहा टक्के झाले की तीच जमीन सोळाशेच्या पुढे जाते आणि चार टक्क्यांवर पंचवीसशेला. म्हणजे खेड्यातला जमीनदार आणि शहरातला व्यापारी, एरवी ज्यांचे कधी पटत नसे, ते या एका मागणीत एकत्र येऊ शकत होते. यात सोन्याचा मोह कुठे आहे? भांडवल कोणाच्या हाती जाते आणि तिथे त्याचे काय होते, हा प्रश्न आहे, आणि तो मी तीस वर्षे वर्गात त्यांच्या नावावर कधी मांडलाच नाही.

१६२४ मध्ये मर्यादा आठावर आली आणि १६५१ मध्ये, राजा नसलेल्या काळात, सहावर. राजा परतल्यावरही ती सहावरच कायम राहिली. चाइल्डने लेखणी उचलली तेव्हा लंडन प्लेगमधून आणि आगीतून नुकतेच बाहेर आले होते, आणि १६६७ च्या जूनमध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरून इंग्रज आरमाराचे निशाणाचे जहाज 'रॉयल चार्ल्स' दोरीने ओढून घेऊन गेले होते. हा मनुष्य पोर्ट्समथला आरमाराला माल पुरवीत असे, त्यामुळे ती नामुष्की त्याने जवळून पाहिली असणार. त्या जखमेतून त्याने विचारले की एवढेसे ते राष्ट्र आपल्या पुढे कसे गेले, आणि पंधरा कारणे दिली. हेरिंग मासळी ते इतक्या प्रामाणिकपणे भरतात की पिंपावरचा शिक्का पाहूनच लोक ती घेतात. त्यांच्याकडे धर्माच्या बाबतीत मोकळीक आहे. कर्जरोखे एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातात. आणि ते मुलांबरोबर मुलींनाही अंकगणित आणि जमाखर्च शिकवतात, त्यामुळे नवरा गेला तरी पेढी बंद पडत नाही. हे वाचताना मला ताईंची रोजकीर्द आठवली, आणि कंदिलाशेजारी बसून आपल्या दोघांची बेरीज तपासणाऱ्या ताईही. पंधरावे कारण कमी व्याज. हॉलंडात शांततेच्या काळी तीन टक्क्यांच्या वर कोणी जात नाही, आणि बाकी सगळ्या कारणांचे मूळ तेच, असे तो म्हणतो. म्हणून इंग्लंडनेही कायद्याने चार टक्के करावे.

पुरावा म्हणून तो म्हाताऱ्या माणसांना विचारायला सांगतो. साठ वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात पाचशे पौंड देणे आजच्या दोन हजारांपेक्षा मोठे मानीत की नाही? तेव्हाच्या घरंदाज बायका ज्या कापडाच्या झग्यात स्वतःला नटलेल्या समजत, तो झगा आज मोलकरीणही लाजेने घालणार नाही की नाही? ही पाने मला फार आवडली. आकडेवारी गोळा करणारे खाते नसलेल्या काळात एक व्यापारी हुंड्यावरून आणि कपड्यांवरून राष्ट्राची संपत्ती मोजू पाहतो आहे.

आता आपल्या भांडणाकडे येतो: व्याज कायद्याने उतरवावे की नाही. तू तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या बाजूचा, म्हणजे नको म्हणणारा, आणि मी केवळ तू लॉकच्या बाजूचा म्हणून चाइल्डच्या बाजूचा. मेसची उधारी थकली तेव्हा पैशाचे भाडे कायद्याने ठरत नसते, असे तू अप्पांना ऐकवलेस, आणि अप्पा म्हणाले, 'लॉक कोण ते मला ठाऊक नाही, पण महिनाअखेर त्यालाही पैसे टाकायला सांग.' चाळीस वर्षांनंतरही ते आठवून मी ग्रंथालयात एकटाच हसलो. लॉकने पहिला खर्डा १६६८ च्या सुमारासच आपला आश्रयदाता लॉर्ड अॅशली याच्यासाठी लिहिला होता, पण छापला १६९१ च्या अखेरीस. तेव्हा चार टक्क्यांची मागणी पार्लमेंटपुढे पुन्हा आली होती. त्याचे म्हणणे तू मला इतक्या वेळा ऐकवले आहेस की मला ते तुझ्याच आवाजात ऐकू येते: व्याज हे देशातला पैसा आणि त्याची गरज यांच्या प्रमाणाने ठरते, कायद्याने ते खाली ओढले तर कर्ज मिळणेच अवघड होईल, चतुर दलाल आणि पेढीवाले वाट काढतील, आणि ज्यांचे सर्वस्व रोख रकमेत आहे अशा विधवा आणि पोरकी मुले विनाकारण बुडतील. त्याच वर्षी डडली नॉर्थ या व्यापाऱ्याने लिहिले की कमी व्याजाने व्यापार वाढत नाही. व्यापार वाढून देशाचे भांडवल वाढते आणि त्याने व्याज उतरते. कारण आणि कार्य यांची अदलाबदल हीच चाइल्डची चूक, हा तुझा हुकमी पत्ता होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते.

उत्तर चाइल्डकडे होते, सुधाकर. ते मला १६९० च्या सुधारित आवृत्तीत सापडले आणि मंगळवारी मी जो बसून राहिलो तो यामुळे. तो म्हणतो की एकच गोष्ट कारणही असू शकते आणि कार्यही. शांततेतून सुबत्ता येते आणि सुबत्ता शांतता टिकवते. व्याज उतरले की संपत्ती वाढते आणि संपत्ती वाढली की व्याज आणखी उतरते, पण त्या बाळंतपणाला चांगल्या कायद्याची सुईण लागते. आपण दोघे रात्र रात्र ज्यावर भांडलो, त्यावर तो तीनशे वर्षांपूर्वी इतके सरळ बोलून गेला होता आणि आपल्यापैकी कोणी ते पान उघडले नव्हते. तू निदान मूळ लॉक वाचला होतास; माझ्याकडे तेही नव्हते.

यात तू जिंकलास की मी, हे मला खरेच सांगता येत नाही. तुझा आणखी एक मुद्दा होता की चाइल्ड स्वतः पैसा फिरवणारा होता, त्याला व्याज उतरलेले हवेच असणार. ते खोटे नाही. गेल्या रविवारी मी वॉन्स्टेडला जाऊन आलो. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे स्मारक आहे. ही इस्टेट त्याने १६७३ मध्ये घेतली. इथल्या नापीक जमिनीवर अक्रोडाची झाडे आणि माशांची तळी यांवर त्याने पाण्यासारखा पैसा ओतला, असे त्याच्या काळच्या एव्हलिनने रोजनिशीत नोंदवले आहे. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला, त्याच्या हेकटपणाने कंपनीने औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतले आणि सिद्दी याकूतखानाने मुंबईला वेढा घातला. पण मला आता वाटते की मागणी करणाऱ्याचा स्वार्थ दाखवला म्हणजे मागणी खोटी ठरत नाही. उलट बाजूचा टॉमस मनही कंपनीचाच संचालक होता, आणि तो म्हणतो की व्यापार आणि व्याजबट्टा बरोबरच चढतात आणि बरोबरच उतरतात, कारण म्हाताऱ्यांच्या, विधवांच्या आणि वकिलांच्या पैशावरच तरुण व्यापारी उभे राहतात. सोने साठवा असे सांगणारा म्हणून मी ज्याला वर्गात उभे करीत असे, तो हाच मन. परदेशी चांदी पाठवणाऱ्याला वेडा म्हणणे म्हणजे पेरणीच्या वेळी मातीत धान्य फेकणाऱ्या शेतकऱ्याला वेडा म्हणणे, सुगीपर्यंत थांबा, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे वाचल्यावर माझी ती ओळ मला डोळ्यांसमोर धरवेना.

आणखी एक योग सांगतो. ज्या १६६८ साली चाइल्ड सहा टक्के जाचक म्हणून लिहीत होता, त्याच वर्षी दुसऱ्या चार्ल्सने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई बेट कंपनीला दिले आणि कंपनीकडून पन्नास हजार पौंडांचे कर्ज घेतले, तेही सहा टक्क्यांनीच.

आणि तू सुप्याजवळचा. हे मी तुला तेव्हाही विचारले होते आणि तू चिडला होतास, पण आज रागाने विचारीत नाही. इंग्लंडने व्याजावरची मर्यादा १८५४ मध्ये पूर्ण उठवली, हिंदुस्थानात ती १८५५ मध्ये उठली, आणि वीस वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. सारावाढ, कापसाचे उतरलेले भाव, अशी इतरही कारणे होती, हे मला माहीत आहे. तरी १८७९ च्या कायद्याने दस्तामागचा खरा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशांना द्यावा लागलाच, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करू नये हा आपला दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना. लॉकची विधवा पैसे ठेवणारी आहे, तुझ्या आजोबांच्या गोष्टींतला कुणबी कर्ज घेणारा आहे, आणि दोघांचीही बाजू खरी आहे. हे दोघे एका प्रकरणात कसे बसवायचे, याने मला झोप लागत नाही.

कारण ते प्रकरण मला पुन्हा लिहायचे आहे. प्रकाशकांनी नव्या आवृत्तीसाठी जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे. नुसती ती ओळ काढून भागणार नाही. मन, कल्पेपर, चाइल्ड मी लिहीन; लॉक आणि नॉर्थ तू लिहावेस, आणि नाव दोघांचे घालावे, अशी माझी विनंती आहे. तू नाही म्हणालास तर ते मला समजेल.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असे मोहनकडून कळले, बरे वाटले. अनिकेतची बदली रद्द झाली का? गच्चीच्या गळतीचे काय झाले तेही कळव. मी ८ डिसेंबरला पुण्यात पोचतो. माझा खर्डा तोवर झालेला असेल, आणि तो तुझ्या लाल शाईखालून गेल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही.

तुझा,
मधू