हात न लावल्याबद्दल आभार

सर,

पोहण्याची उन्हाळी बॅच संपली, फी भरून झाली, तरी तुमचं देणं माझ्यावर राहिलंच आहे. टँकवर आभार मानायला आले की तुम्ही ‘बरं बरं, उद्या टोपी विसरू नका’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळता. म्हणून इथे, चार लोकांसमोर लिहिते.

माझ्या लेकीचा डावा हात जन्मापासून अधू. खांद्याच्या वर जात नाही, बोटांची पकड जेमतेम. तुमच्याआधी जिथे गेलो, तिथे ‘सर्व जबाबदारी पालकांची’ ही पाटी आधी आम्हाला वाचायला लावली. मग अख्खी बॅच तिला बाळांच्या उथळ पाण्यात ट्यूब घालून बसवलं. निघताना ‘उत्तम प्रगती’चं प्रमाणपत्र दिलं ते वेगळंच. केस कोरडे ठेवून पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवणारी पुण्यातली ती पहिलीच असावी.

तुमच्याकडे ती थेट मोठ्या टँकमध्ये. एका सकाळी शिडीपासून लांब, एका हाताने काठ धरून लोंबकळत राहिली. वर येता येईना. शेडखाली बसलेले आम्ही सगळे पालक उठून उभे राहिलो. तुमच्या हाताखालचा मुलगा तर उचलायला वाकलाच होता. तुम्ही नुसता पंजा वर केलात. “हात लावू नकोस. येईल ती.” आणि तिच्यासमोर उकिडवे बसलात, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून. कसं चढायचं ते सांगितलं नाहीत, ‘शाब्बास’ नाही, काही नाही. तिने चांगल्या हाताचं कोपर काठावर रोवलं, मग हनुवटी टेकली, मग गुडघा. आली वर! तुम्ही म्हणालात, “चल, लायनीत.”

ते पाठीमागे बांधलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

‘फाइंडिंग निमो’ हा माशांचा कार्टून सिनेमा 2003 साली आला तेव्हा मी शाळेत होते. भाड्याच्या सीडीवर पाहिला होता. हरवलेल्या माशाची गंमत, एवढंच कळलेलं. परवा लेकीला लावून दिला. सुरुवातीलाच बॅराकुडा हा शिकारी मासा हल्ला करतो, निमोची आई आणि बाकी सगळी अंडी जातात, एकच चिरलेलं अंडं उरतं. लहानपणी हे कसं पचवलं होतं कोण जाणे. त्या अंड्यातला निमो, एक पर आखूड. आणि बाप मार्लिन, याला काही होऊ देणार नाही म्हणून ठाण मांडून बसलेला. (खऱ्या समुद्रात या क्लाउनफिश जातीची मादी मेली तर तिचा जोडीदार नर पुढे मादी होतो. मार्लिन माझ्याच बिरादरीतला, हे उगाच नाही.) दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटननेही सांगितलंय, मुलाला बागेत नेलं तेव्हा आपलं सारखं ‘हे करू नको, पडशील’ चाललं होतं, गोष्ट त्यातूनच निघाली.

पुढे निमो पकडला जातो आणि डेंटिस्टच्या टाकीत नळीत अडकतो. टाकीतले बाकीचे मासे मदतीला धावतात आणि त्यांच्यातलाच गिल त्यांना अडवतो: कुणी हात लावायचा नाही, त्याचा तो बाहेर येईल. चेहऱ्यावर ओरखडे असलेला हा गिल मला तेव्हा खलनायक वाटायचा. परवा लेकीने तिथेच पॉज केलं. “आई, हे तर आपले सर!”

पण सर, गिलचा स्वतःचाच पर फाटका आहे, त्याला कळणारच. तुमचे दोन्ही हात धडधाकट. तुम्हाला कुठून कळलं?

आम्हाला दया दाखवणारे पुष्कळ भेटतात. बसमध्ये, लग्नात, शाळेच्या फाटकाशी. ‘बिचारी’ म्हणतात, दप्तर हातातून काढून घेतात. वाईट नसतात हो. पण पोर धडपडत असताना जवळ थांबायचं आणि तरी आपले हात आवरायचे, एवढी सभ्यता असलेला माणूस आम्हाला सात वर्षांत पहिल्यांदा भेटला.

आता तिला उंच फळीवरून उडी मारायची आहे. त्याचं काय ते तुम्ही आणि ती ठरवा. मी शेडखाली बसलेली असेन.

तुमच्या सकाळच्या बॅचमधल्या एका मुलीची आई