काचेचं छत नंतर, गाडीतला चार्जर आधी

महोदय,

इलेक्ट्रिक गाड्यांची तुलना करणारा आपल्या पुरवणीतला तक्ता पाहिला. रेंज किती, वेग किती, समोरचा पडदा (स्क्रीन) किती इंचांचा, सगळं आहे. पण मूळ किमतीवर जादा पैसे मोजायचे ते नेमके कशासाठी, याबद्दल अवाक्षर नाही. कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात 30 वर्षं काढूनही मी नेमका तिथेच फसलो, म्हणून हे पत्र.

गाडी घेताना मी काचेचं छत आणि मोठी चाकं घेतली. 3.3 किलोवॉटऐवजी 7.4 किलोवॉटचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतच बसवलेला, चार्जर मात्र नको म्हणालो. चार्जर काय, घरी भिंतीवर बसणार, तो हवा तेवढा मोठा घेऊ, असा माझा हिशेब! त्याप्रमाणे 7.4 चा डबा बसवला, गाडी जोडली, तर आकडा 3.3 च्या पुढे सरकेना. दोनदा वायरिंग तपासलं. मग डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. भिंतीवरचा डबा म्हणजे सुरक्षेची सोय असलेला प्लग. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, आणि त्याला झेपेल तेवढीच वीज तो ओढतो. 60 युनिटची बॅटरी 10 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 42 युनिट लागतात. वाटेतली गळती न धरताही माझ्या गाडीला जवळजवळ 13 तास, 7.4 च्या चार्जरला सहाच्या आत. रात्री उशिरा येऊन सकाळी निघायचं असेल तर हा फरक बोचतो. रस्त्यावरचा डीसी फास्ट चार्जर गाडीतल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीला वीज देतो. विक्रेत्याने तेवढंच धरून ‘काही फरक पडत नाही’ असं सांगितलं होतं.

मोठ्या चाकांनी रेंज घटली, आणि टायरची कड बुटकी असल्याने खड्डा दिसला की जीव गोळा होतो. काचेच्या छताला आमच्या सौभाग्यवतींनी आतून पडदा लावला आहे. पैसे देऊन काच घेतली, पैसे देऊन ती झाकली.

हीट पंपाचं मात्र हवामानावर आहे. साधा हीटर एका युनिटला एक युनिटच उष्णता देतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून दोन-तीन युनिट देऊ शकतो. कडाक्याची थंडी असेल तिथे तो घ्यावा, आणि चार्जिंगपूर्वी बॅटरी गरम करण्याची सोयही. गार बॅटरी गाडी वेगाने चार्ज होऊ देत नाही. तसं केल्यास लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते. थंडी बेताचीच असेल तर गरम होणाऱ्या सीट पुरेत. त्यांना फार तर शंभरेक वॉट लागतात, केबिनच्या हीटरला काही हजार.

मोठ्या बॅटरीबद्दल माझं अजून ठरत नाही. रोजची धाव 40 किलोमीटर, तेवढ्यासाठी जादा वजन वाहायचं कशाला? पण लांबच्या प्रवासात तीच हवीशी वाटते. आणि हो, स्टेपनी आहे का ते विचारा. अनेक गाड्यांत तिच्या जागी नुसता पंक्चर किट असतो.

छत, चाकं यांवाचून गाडी चालते. गाडीतला चार्जर मात्र नंतर बदलून घेणं बहुतेकदा जमत नाही. तेव्हा पुढच्या तक्त्यात पडद्याच्या इंचांशेजारी ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॉटचा, हा एक रकाना घालावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त वीजतंत्रज्ञ