मथळ्यातला तिरपा स्लॅब सेरिफ अस्सल हवा

महोदय,

मथळे, भित्तिपत्रके, मुखपृष्ठे, खेळाडूंच्या जर्सी अशा ठिकाणी ठळक तिरपी स्लॅब सेरिफ, म्हणजे टोकांना जाड चौकोनी पट्ट्या असलेली रोमन अक्षरे शोभतात. या पट्ट्यांमुळे ती लांबून वाचता येतात आणि कलामुळे त्यांना वेग येतो. मात्र पुष्कळदा ती मुळात तिरपी घडवलेली नसतात. सरळ टंकच (फॉन्ट) संगणकावर कलवलेला असतो, आणि तिथेच सगळे बिघडते.

सरळ टंक १२ अंशांनी कलवला, की ‘ओ’ची रेघ वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक. उभे दांडे सुमारे २ टक्क्यांनी रोडावतात, आडव्या पट्ट्या तेवढ्याच राहतात. स्लॅबमध्ये पट्टी जवळपास दांड्याइतकीच जाड असते, म्हणून एवढ्यानेही तोल ढळतो. अस्सल बोल्ड इटॅलिकमध्ये, म्हणजे मुळातच ठळक आणि तिरप्या घडवलेल्या टंकात, वळणे नव्याने काढलेली असतात, काही पट्ट्या आखूड केलेल्या किंवा गाळलेल्या असतात. रॉकवेल (१९३४) सारख्या भौमितिक टंकाचे इटॅलिक दिसायला कललेले सरळ अक्षरच, पण तेही सुधारून घेतलेले असते.

शब्दजुळणीच्या प्रोग्रॅममधले तिरपे करण्याचे बटण अस्सल फाइल नसली तरी गुपचूप नक्कल बनवते. म्हणून फॉन्टच्या यादीत ‘बोल्ड इटॅलिक’ स्वतंत्र आहे का, ते आधी पाहावे. संकेतस्थळासाठी वजन (ठळकपणा) ७०० आणि इटॅलिक अशी वेगळी फाइल जोडावी आणि सीएसएस या पानाच्या मांडणीच्या भाषेतल्या ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ द्यावे, म्हणजे ब्राउझर नक्कल करणार नाही.

स्लॅब सेरिफचे घराणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींच्या मोठ्या अक्षरांसाठी वाढले. १८४५ चा क्लॅरेंडन हा टंक मजकुरात शब्द उठून दिसावा म्हणून आला, पण तो सरळ आणि आटोपशीर होता. ठळक तिरप्या डिस्प्ले (मोठ्या मथळ्यांसाठीच्या) टंकात परिच्छेद लावू नये. अक्षरे बरीच लहान झाली, की त्यांच्या पोटातली जागा बुजते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून ‘एम’चे पाय एकमेकांना चिकटतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर शाई कडांवरून आत येते आणि सांधे तुटतात. अशा वेळी ट्रॅकिंग, म्हणजे सर्व अक्षरांमधले अंतर, १० ते २० ने (अक्षराच्या आकाराच्या हजाराव्या भागांत) वाढवावे, ६० पॉइंटच्या वर तेवढेच कमी करावे. तिरप्या ‘एफ’चे टोक पुढच्या सरळ कंसाला धडकते; कंसही तिरपाच घ्यावा, नाहीतर कर्निंग, म्हणजे त्या दोन चिन्हांमधले अंतर, हाताने जुळवावे.

देवनागरी शेजारी असेल तर तिलाही कलवू नये, ही माझी आग्रहाची विनंती. शिरोरेषा आडवीच राहते, काने-वेलांट्या झुकतात आणि रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. देवनागरी सरळच ठेवून वजन असे निवडावे, की शिरोरेषेची जाडी रोमन पट्टीशी जुळेल.

आपला,
अक्षरजुळणीच्या व्यवसायातील एक वाचक