दोन छायाचित्रांवरून उल्लंघन ठरत नाही

महोदय,

वैद्यकीय उपकरणांच्या पेटंट-वादांवरील कालचा लेख वाचला. बेक्टन डिकिन्सन विरुद्ध टायको या खटल्यातील अमेरिकेच्या फेडरल सर्किट या पेटंट-अपील न्यायालयाच्या २०१० सालच्या निकालाला लेखकाने ‘तांत्रिक पळवाट’ म्हटले आहे, आणि पुरावा म्हणून दोन सुरक्षा-सुयांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली आहेत. छायाचित्रे सुबक आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र पेटंटचे उल्लंघन ठरवताना उपकरणाची तुलना पेटंटच्या क्लेमशी, म्हणजे शोधाची हद्द शब्दांत आखणाऱ्या कलमाशी करायची असते, दुसऱ्या उपकरणाशी नव्हे. आणि क्लेमचा एकही शब्द लेखात नाही. त्या क्लेममध्ये बिजागरीचा हात आणि त्याला जोडलेली स्प्रिंग असे दोन घटक वेगवेगळे सांगितले होते. टायकोच्या सुईत वेगळी स्प्रिंग नव्हती. बिजागरीच्याच ताणाने सुईवरचे आवरण पुढे सरकत असे. घटक वेगळे लिहिले ते पेटंटधारक बेक्टननेच. ज्युरीने मान्य केलेले उल्लंघन अपिलात टिकले नाही, यात पळवाट कोणती?

अशा छायाचित्रांनी काय होते ते मी जवळून पाहिले आहे. मी ज्या छोट्या कारखान्यात आरेखनाचे काम करीत असे, त्याला एका बड्या कंपनीने नोटीस पाठवली होती. वस्तू साधी, कॅथेटर (शरीरात घातलेली नळी) त्वचेवर स्थिर ठेवणारा धारक. नोटिशीत दोन छायाचित्रे होती, क्लेमचा उल्लेख नव्हता, आणि तिची प्रत आमच्या वितरकांकडे आधीच पोहोचली होती. त्यांच्या क्लेमनुसार चिमटा चिकटपट्टीपासून सुटा करता येणारा हवा होता. आमचे दोन्ही भाग एकत्रच साच्यातून निघत. पेटंट कार्यालयातील फाइल काढून पाहिली, तर जुन्या धारकांपेक्षा आपला धारक वेगळा ठरतो तो या सुटेपणामुळेच, असे याच कंपनीने परीक्षकाला लेखी कळवलेले! मंजुरी घेताना जो शब्द शोधाचा प्राण होता, तो नोटीस पाठवताना किरकोळ झाला. आम्ही हे दाखवल्यावर कंपनीने मौन पत्करले, पण नोटीस मागे घेतल्याचे वितरकांना कधीच कळवले नाही. गेलेल्या मागण्या परत आल्या नाहीत.

न्यायालये शब्दांत अडकतात, ही लेखकाची तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीज विरुद्ध बेक्टन डिकिन्सन या २०११ च्या निकालात सिरिंजची ‘बॉडी’ म्हणजे एकसंध बॉडीच, असा अर्थ बहुमताने पेटंटमधील वर्णनातून क्लेममध्ये आणला आणि बेक्टनची ३ मिलिलिटरची सिरिंज उल्लंघनातून सुटली. न्यायाधीश रेडर यांनी त्याला असहमती नोंदवली. माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. तोच बेक्टन इथे प्रतिवादी होता, हेही लेखकाच्या कामी आले असते. पण त्यासाठी निकाल उघडावा लागतो.

जाता जाता आणखी एक. समतुल्यतेच्या तत्त्वावरील (क्लेममधील घटक शब्दशः नसला तरी त्याच्या तोडीचा घटक असल्यास उल्लंघन मानण्याच्या तत्त्वावरील) माझे मागील पत्र आपण छापलेत, आभारी आहे. मात्र ‘अर्जाच्या छाननीत पेटंटधारकाने तो मुद्दा सोडून दिलेला नसेल तर’ ही अट आपल्या विभागाने गाळली, आणि शब्द थोडे बदलले की सर्रास उल्लंघन होते, असे माझे मत असल्याचे वाचकांना वाटले. जागा अपुरी असल्यास हे पत्र खुशाल वगळावे, पण अर्धे छापू नये, ही विनंती.

आपला,
एक उपकरण-आरेखक