शनिवारची बैठक: लेखकांची चित्रचरित्रं

सर्व सभासदांना आठवण. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बालविभागात भेटायचं आहे. विषय: मुलांच्या लाडक्या लेखकांची चित्रचरित्रं.

वाचायची पुस्तकं दोनच. पहिलं मेलिसा स्वीट यांचं ‘सम रायटर!’ (२०१६), म्हणजे ‘शार्लट्स वेब’ ही कोळिणीची गोष्ट लिहिणाऱ्या ई. बी. व्हाइट यांचं चरित्र. पानोपानी कात्रणं, टंकलिखित कागद, जलरंग. घाईत चाळू नका. व्हाइट यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गोठ्यातून कोळ्याची अंडी असलेली पिशवी कापून खाऊच्या खोक्यातून न्यूयॉर्कला नेली होती. तिथे पिल्लं बाहेर पडली आणि थेट आरशापासून केसांच्या ब्रशपर्यंत जाळी विणू लागली. ती त्यांनी तशीच राहू दिली! आपल्या घरी असं झालं असतं तर झाडू आधी आला असता, हे कबूल करूया.

दुसरं मॅक बार्नेट यांचं, ‘गुडनाइट मून’ हे छोट्यांचं चित्रपुस्तक लिहिणाऱ्या मार्गारेट वाइज ब्राउन यांच्यावरचं (२०१९). त्या ४२ वर्षं जगल्या, म्हणून पुस्तकाची पानंही ४२. माझ्या मते दोहोंत हे जास्त धीट आहे: मुलांना मरणाबद्दल आडपडदा न ठेवता सांगतं. काही पालकांना ते खटकेल, त्यावर बोलूच.

प्रती प्रत्येकी एकच आहेत, तेव्हा दोन दिवसांत परत करा. मागच्या खेपेला एक पुस्तक आमरसाचा ठसा घेऊन परत आलं होतं. मुलांना जरूर आणा, हात धुऊन.