सात ओळींची बायको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एकच संसार आधी नवरा सांगतो आणि मग बायको, त्या कादंबरीचं रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण वाचलं. रविवारी चिडले, सोमवारी मुलगी फोनवर म्हणाली, जाऊ दे ना आई. मंगळवारी मेथी निवडायला नेमकं तेच पान खाली पसरलं, पुन्हा वाचलं गेलं आणि मेथी तशीच राहिली. म्हणून हे पत्र.

चाळीस वर्षं मी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. टेप गळ्यातच असतो, तो लावला. नवऱ्याच्या भागावर अडीच रकाने. बायकोच्या भागावर सात ओळी, त्यातल्या दोन मुखपृष्ठाच्या चित्राबद्दल. लेखकाने दोघांना जवळपास सारखी पानं दिली आहेत. कापड सारखं असताना एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी नुसती खांद्यावर ठेवली, तर गिऱ्हाईक मला पैसे देईल का?

बरं, उरलेल्या पाच ओळींत काय? तर पाटल्यांचा प्रसंग दोन्ही भागांत जुळत नाही. नवरा म्हणतो तिने आपणहून दिल्या, बायको म्हणते घेतल्या. सबब, लेखकाची चूक झाली आहे आणि प्रकाशकाच्या माणसाने ती पकडायला हवी होती, असं आपल्या परीक्षकांचं म्हणणं. परीक्षकमहोदयांचं लग्न झालेलं आहे की नाही हे विचारण्याचा मला अधिकार नाही, म्हणून विचारत नाही.

आमच्याच घरचं सांगते. 1983 सालचा मे. विहिरीने तळ गाठला होता, आडवे बोअर मारायचं ठरलं. केळी निसवलेली, आणि अशा वेळी पाणी तुटलं की घड पोसत नाही, हे आमच्या यावल-रावेरकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घरात पैसा नव्हता. हे आजही पाहुण्यांना कौतुकाने सांगतात की आमच्या मंडळींनी पाटल्या स्वतःहून काढून दिल्या, मी तोंडाने मागितल्या नाहीत.

खरं आहे. तोंडाने नाही मागितल्या. बोअरवाला ओट्यावर बसला होता. त्याला चहा दिला, आणि कपबशी उचलायला वाकले तेव्हा हे माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हाताकडे. एवढंच झालं. मी आत गेले. काढायला लागले तर निघेनात. सातवा महिना, हात सुजलेले. सासूबाई मोरीतून कपड्याचा साबण घेऊन आल्या, काही न बोलता माझं मनगट मांडीवर धरलं आणि चोळायला लागल्या. डाव्या हातातली निघाली. उजव्या हातातली निघाली ती अंगठ्याखालचं सालपट घेऊन. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'रडू नको, त्याले ऐकू जाईन.'

यांना साबणाचं ठाऊकच नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. पाटल्या दोन वर्षांनी सराफाकडून सुटून आल्या, तेव्हा बिनसाबणाच्या सरकन हातात गेल्या, इतकी मी वाळले होते. त्यावर हे म्हणाले, बघ, कशा नीट बसल्या.

ही कादंबरी मी यांना वाचून दाखवली, कारण मागच्या महिन्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाटल्यांचं पान आलं तसे हे गप्प झाले. जरा वेळाने म्हणाले, 'त्या रात्री मी जेवलो नव्हतो.' मी पुस्तक मिटलं. कारण माझ्या हिशोबात हे त्या रात्री मळ्यात बोअरवाल्याच्या माणसांबरोबर वरणबट्टी खाऊन आले होते. मी झाकून ठेवलेलं ताट सकाळी गाईला घातलं होतं, आणि त्या ताटाचा राग चाळीस वर्षं सांभाळला होता. ते म्हणतात वरणबट्टी झाली होती, पण त्यांनी हात लावला नव्हता. खरं-खोटं आता कोण सांगणार? सासूबाई नाहीत, बोअरवाला कुठला होता तेही आठवत नाही.

आता आपल्या परीक्षकांनी यातली चूक शोधून द्यावी. कुणाची, कुठल्या ओळीत, आणि प्रकाशकाच्या कोणत्या माणसाने ती पकडायची होती?

बायकोच्या भागाचं जग चुलीपुरतं आहे असंही त्या पाच ओळींत लिहिलंय. चुलीपाशी बसलं की ओटा दिसतो, साहेब. ओट्यावरून चूल दिसत नाही.

गावच्या वाचनालयात या कादंबरीची एकच प्रत आहे. परीक्षण वाचून ती पुन्हा चाळायला गेले. पहिल्या अर्ध्या पानांच्या कडा बोटं लागून मळल्यात, मध्ये एक बस तिकीट खुणेला आहे, एका पानावर चहाचा गोल डाग. बायकोचा भाग सुरू होतो तिथून पुढे पानं कोरी, काही तर एकमेकांना चिकटलेली. म्हणजे परीक्षक एकटे नाहीत, हेही कबूल करते.

दुसरं. लेखात खान्देश आला की बहिणाबाई आणायच्याच, असा आपल्याकडे नियम आहे का? शेवटच्या परिच्छेदात ती तव्याची ओळ आणलीच, आणि वर कादंबरीतले संवाद व बहिणाबाईंची गाणी दोन्ही एकाच दावणीला बांधून अहिराणी ठरवली. अहिराणी धुळे-नंदुरबारकडची, अमळनेर-पारोळ्याकडची. आमच्याकडची लेवा गणबोली, आणि असोद्याच्या लेकीची, म्हणजे बहिणाबाईंची, बोलीही तीच. आमची शेजारीण शिरपूरची आहे. ती 'काय करी ऱ्हायनी' विचारते, मी 'काय करू राह्यली' विचारते, आणि तिच्या भाषेला माझी म्हटलेलं तिलाही चालत नाही. पुण्याहून बघताना सगळं एकच दिसत असेल. शिवाय दोन बाजूंच्या संसाराबद्दल लिहिताना दाखला कुणाचा द्यावा? तर तिशीत विधवा झालेल्या बाईचा. तिच्या संसारातली दुसरी बाजू, नवऱ्याची, नथूजींची, तर कुणी कधी विचारलीच नाही. ती गाणीसुद्धा मुलामुळे, सोपानदेवांमुळे, 1952 साली छापली गेली, बहिणाबाई गेल्यानंतर. पण एवढा विचार करायला जागा कुठे होती? अडीच रकाने आधीच भरले होते.

मागे मी केळीला रात्री-अपरात्री मिळणाऱ्या लाईटीबद्दल लिहिलं होतं. ते आपण छापलंत, त्याबद्दल आभार. पण निम्मं कापलंत, आणि माझ्या नावाआधी 'श्री.' लावलंत. मोटार, डीपी, फ्यूज म्हटल्यावर लिहिणारा बाप्याच असणार, असं कुणाला तरी वाटलं असेल. नाव दोघांनाही चालण्यासारखं आहे, त्यामुळे गावातली माणसं आठ दिवस ओट्यावर येऊन यांचं अभिनंदन करून गेली. यांनी ते हसत घेतलं. चहा मी केला.

कापायचंच असेल तर बहिणाबाईंचा परिच्छेद कापा, साबणाचा नको. आणि या वेळी नाव छापूच नका. यांना पत्र दाखवलेलं नाही. पट्टी सुटली आहे, शुक्रवारी चष्मा येईल. मग स्वतः वाचतील.

आपली,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव