जुना संगणक, नवं विंडोज आणि अडलेल्या लग्नपत्रिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनं नाकारलेल्या जुन्या संगणकात विंडोज ११ कसं घालायचं, याची रीत काल तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर सविस्तर आली आहे. पेनड्राइव्ह घ्या, रूफस नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची तपासणी) यांच्या अटी वगळायच्या चौकटीत टिक करा, झालं. लेखक महाशयांच्या हिशेबानं चहा पिऊन होईपर्यंतचं काम. लेख सोपा लिहिलाय, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. चहा पिऊन झाल्यावर काय होतं तेवढं लिहायचं राहिलं. ते मी लिहिते.

आमचं बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं, मराठी आणि कन्नड दोन्ही. नवरी खानापूरची आणि नवरा गोकाककडचा असला की पत्रिकाही दोन भाषांत करावी लागते. कन्नडसाठी ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला लॉक, म्हणजे परवान्याची खुंटी, नाही. मराठीचं आमचं सॉफ्टवेअर मात्र जुनं. त्याचा लॉक संगणकाच्या मागे खोचलेला असला तरच अक्षरं उमटतात. लॉक म्हणजे काय, हे लेखकांना ठाऊक नसेल तर तुमच्याच कार्यालयातल्या एखाद्या जुन्या ऑपरेटरला विचारावं. सोबत पानं मांडायला पेजमेकर ७. ते २००१ सालचं आहे हे मला माहीत आहे, कृपया कुणी सांगायला येऊ नये. पंधरा-वीस वर्षांच्या फायली त्यात आहेत आणि आजोबांच्या पत्रिकेचा नमुना बघून नातू पत्रिका करून घेतात.

हे सगळं एका जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या संगणकावर, बत्तीस बिटच्या विंडोज १० मध्ये, विनातक्रार चाललं होतं. बत्तीस बिट मुद्दाम ठेवलेलं, कारण त्या लॉकचा ड्रायव्हरच, म्हणजे लॉकची संगणकाशी ओळख करून देणारा प्रोग्रामच, बत्तीस बिटचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक हुशार मुलाला हे सांगून माझं तोंड दुखलंय.

मग १४ ऑक्टोबर २०२५ जवळ आला. विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, संपणार म्हणून सगळीकडे एकच गजर. तुमच्या पेपरातही आलं होतं, मोठ्या टायपात. आमच्या यजमानांनी धसका घेतला. मी माहेरी नंदगडला गेले होते तेवढ्यात त्यांनी गल्लीतल्या दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्यानं अगदी तुमच्या लेखात आहे तसंच केलं. पेनड्राइव्ह, रूफस, टिक. विंडोज ११ बत्तीस बिटमध्ये येतच नाही आणि बत्तीस बिटवरून चौसष्टवर सरळ अपग्रेडही होत नाही, म्हणून फॉरमॅट. डी ड्राइव्हला हात लावला नाही, एवढे त्याचे उपकार.

परत येऊन बघते तर पडद्यावर निळं फूल उमललेलं. यजमान खूश. जरा रेंगाळत होतं, पण चालत होतं, खोटं कशाला बोलू? लॉक लावला, दिवाच लागला नाही. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये बत्तीस बिटचा ड्रायव्हर चढत नाही, आणि त्यावर रजिस्ट्रीतली किंवा पेनड्राइव्हमधली कसलीही युक्ती चालत नाही. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला. ती आवृत्ती आम्ही कधीच बंद केली म्हणाले. नवी घ्या, नवा लॉक घ्या, जुन्या फायली रूपांतर करून घ्या. आवाजात इतकी गोडी होती की राग काढायलाही जागा मिळाली नाही. लेझर प्रिंटरचं रडगाणं वेगळंच. त्याचा चौसष्ट बिटचा ड्रायव्हर शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि मिळाला तो पान अर्धंच छापणारा.

फायली उघडत होत्या. पण फाँटच नाही म्हटल्यावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. तुळशीचं लग्न झालेलं, मुहूर्त सुरू, आणि माझ्याकडे मजकूर तपासून दिलेल्या पत्रिका अडकून पडल्या. येळ्ळूरचे एक मामा रोज सायकल दुकानासमोर लावायचे. “अक्का, कार्ड कवा देतासा? मुहूर्त काय त्या कंपनीला विचारून काढलाव काय आम्ही?” त्यांना काय सांगू, टीपीएम?

शेवटी लॉक पर्समध्ये घालून निपाणीला मावसभावाच्या प्रेसमध्ये गेले. त्यांच्याकडे अजून बत्तीस बिटवाला संगणक आहे, देव त्याला आयुष्य देवो. दिवसभर त्यांचं काम, रात्री माझं. मामांच्या पत्रिका वेळेत गेल्या, पण वधूपित्याच्या नावातली एक वेलांटी घाईत राहिली ती राहिलीच. लग्नात सगळ्यांनी ती मला दाखवली.

आता लेखाबद्दल. त्यात न आलेली गोष्ट अशी की त्या मुलानं घातलेलं विंडोज ११ हे २३एच२ आवृत्तीचं होतं. मुद्दाम जुनं घातलं नव्हतं. त्यानंतरची २४एच२ आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही. त्याला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ नावाच्या सूचना लागतात, त्या आमच्या प्रोसेसरच्या जन्मातच नाहीत. टीपीएमची तपासणी ही दारावरच्या पहारेकऱ्यासारखी आहे, त्याला चुकवून आत जाता येतं. पण प्रोसेसरला जे येतच नाही ते कुठल्या पेनड्राइव्हनं शिकवणार? आणि २३एच२ च्या होम व प्रो आवृत्त्यांचा आधार ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. म्हणजे विंडोज १० संपल्यावर बरोब्बर २८ दिवसांनी! या २८ दिवसांसाठी माझा चालता संगणक फॉरमॅट झाला.

गंमत पुढेच आहे. विंडोज १० तसंच ठेवलं असतं तर एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. २२एच२ ही शेवटची आवृत्ती असली पाहिजे एवढंच. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणी करायची. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर फुकट, नाहीतर त्यांचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा तीस डॉलर. जिला घाबरून सगळे पळाले ती जुनी सिस्टिम नव्या सिस्टिमपेक्षा जास्त दिवस सुरक्षित, असा हा कारभार. लेखात याचं एक अक्षर नाही. मॅकवाल्यांसाठी, जुन्या मॅकवर नवी सिस्टिम घालणाऱ्या ओपनकोअर लेगसी पॅचरवर मात्र अख्खा परिच्छेद आहे. बेळगावात किती प्रेसमध्ये मॅक आहेत, ते लेखकांनी एकदा रामदेव गल्लीपासून मोजत यावं. मी सोबत येते.

ज्यांचा संगणक कोअर आय मालिकेतला आहे त्यांच्याकडे २४एच२ बसेल, हे मान्य. तरी दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा संगणकाला आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह आणि पुन्हा टिक. दर महिन्याची अपडेट्स येतात खरी, पण त्यावर तुमचा हक्क नाही, असं कंपनीनं आधीच बजावून ठेवलंय.

कंपनीची बाजू घेते असं कुणी समजू नये. तिच्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर. सातव्या पिढीत टीपीएम २.० असलं तरी बाहेर. त्या सातव्या पिढीतले मोजकेच पुढे आत घेतले, त्यात आय७-७८२०एचक्यू, आणि तो कंपनीच्या स्वतःच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. आपला तो बाब्या, अजून काय? धडधाकट संगणक भंगारात काढायला लावणाऱ्यांवर लेखकांचा राग आहे, तो मलाही आहे.

पण संगणक म्हणजे फक्त प्रोसेसर आणि टीपीएम असं धरून लिहिणारा माणूस कधी धंद्याला बसलेला नसतो. माझे दीर उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहेत. मशीनला प्रोग्राम पाठवणारा संगणक त्यांच्याकडे विंडोज ७ चा आहे, सिरियल पोर्टच्या वायरीनं जोडलेला, इंटरनेट नाही. त्यावर मालकानं चिठ्ठी चिकटवलीय, हात लावू नये म्हणून. तुमचा लेख वाचून कुणी उत्साही अप्रेंटिसनं रविवारी पेनड्राइव्ह खोचला तर सोमवारी अख्खं शेड बसून राहील.

पुन्हा असं काही छापणार असाल तर चौकट टाकून एवढं तरी सांगा की आधी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून बत्तीस बिट की चौसष्ट ते बघा, प्रिंटर, स्कॅनर आणि लॉक यांचे ड्रायव्हर मिळतात का ते बघा, आणि जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. नुसतं अपग्रेड केलं असेल तर दहा दिवसांत मागे फिरता येतं. फॉरमॅट केल्यावर ती सोय नाही. पोरं हे सांगत नाहीत.

आमच्याकडे आता त्याच संगणकात बत्तीस बिटचं विंडोज १० पुन्हा घातलंय आणि नेटची वायर काढून ठेवलीय. मेल बघायला, पीडीएफ पाठवायला शेजारी दुसरा एक जुना डबा आहे, त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम. २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, टीपीएम विचारत नाही, युनिकोड मराठी नीट उमटतं. लॉकवालं सॉफ्टवेअर त्यात चालत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी माझंच पत्र वाचून फॉरमॅट मारायचा. मिंटबद्दल तुमच्या लेखात एक ओळ होती, तीही ‘हौशी मंडळींसाठी’ म्हणून. पोटापाण्यासाठी चालतं, हौस कसली?

जाता जाता. हे तंत्रज्ञानाचं पान सुरू केल्यापासून शब्दकोडं आतल्या पानावर, शेअर बाजाराच्या खाली, बोटाच्या पेराएवढ्या चौकोनांत गेलंय. सासूबाईंना भिंग लावून अक्षर भरावं लागतं, आणि मग उभे आठ कुठलं नि आडवे आठ कुठलं हे मला कामातून उठून सांगावं लागतं. मॅकवरचा तो परिच्छेद काढला असता तर कोडं पूर्वीच्या मापात बसलं असतं, मी मोजून बघितलंय. छपाईतलं तेवढं कळतं मला. बुधवारी तर आदल्या दिवशीचं उत्तरच छापलं नव्हतं.

पत्र छापलंत तर नाव गाळावं, ही विनंती. त्या मुलाचं दुकान आमच्या दारासमोरच आहे, आणि टोनर तोच भरून देतो.

आपली,
एक डीटीपीवाली
शहापूर, बेळगाव